साडेतीन किलोचा वारा आणि निखळलेला डक्ट : घरी बांधलेल्या एका गाडीचं प्रकरण

हे प्रकरण इंग्लंडमधलं, कॉव्हेंट्रीच्या आसपासचं आहे. गाडी ज्याची आहे तो आपल्याकडचाच माणूस, माझा जुना मित्र, पण त्याचं नाव-गाव इथं देत नाही, त्याला नुसतं गाडीवाला म्हणू. मी या कामात सुरुवातीपासून नव्हतो. डक्ट, म्हणजे पुढून आलेली हवा रेडिएटरकडे नेणारी पेटी, निखळला त्या संध्याकाळी त्याचा फोन आला आणि मग पुढचे जवळजवळ तीन महिने दर शनिवारी मी त्याच्या गॅरेजमध्ये होतो, त्यामुळे आधीचा भाग त्याच्या वहीतला आणि नंतरचा मी स्वतः बघितलेला. लिहायचं कारण असं की "डक्ट कशाने चिकटवू?" हा प्रश्न गाडी बांधणारा प्रत्येकजण विचारतो, त्यानेही तोच विचारला होता, आणि अडचण चिकटवण्यात नव्हतीच.

गाडी कशी आहे

ब्रिटनमध्ये घरी गाडी बांधायची जुनी परंपरा आहे. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटसने सेव्हन ही दोन सीटची उघडी, हलकी गाडी काढली, ती सुट्या भागांतही मिळायची आणि घरी जोडली तर त्या वेळचा खरेदी कर वाचायचा. १९७३ पासून ती गाडी केटरहॅम बनवते. त्याच घाटाच्या गाड्या लोक अजून घरच्या गॅरेजात बांधतात, म्हणजे चौकोनी पाइप वेल्ड करून चासी, एखाद्या जुन्या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स, बाजूला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आणि पुढचं नाक न् मडगार्ड फायबरचे. रस्त्यावर आणायच्या आधी आयव्हीए नावाची सरकारी तपासणी होते, त्यात एकेक गाडी स्वतंत्र बघतात.

गाडीवाल्याने पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ चं १.८ लिटरचं इंजिन घेतलं होतं. नाक तयार विकत आणलेलं, साधारण ३ मिमी जाड फायबर, बाहेरून निळा जेलकोट म्हणजे रंगीत चकचकीत थर, पुढं ४८० बाय १७० मिमीचं तोंड. ते नाक चार क्वार्टर-टर्न फास्टनरवर बसतं, पाव फेरा फिरवला की अख्खं नाक हातात येतं. हे लक्षात असू द्या, पुढं याच्यावरच गाडी अडणार आहे.

रेडिएटर एका छोट्या हॅचबॅकचा, नाकाच्या आत थोडा पुढं कललेला, पंखा मागच्या बाजूला. तोंडापासून रेडिएटरपर्यंत साधारण ३० सेंटिमीटर मोकळी जागा आणि दोन्ही बाजूंना चांगली ६० मिमीची फट. तपासणी पास झाली, नंबर प्लेट लागली, आणि पहिल्या उन्हाळ्यातच त्रास सुरू झाला.

अडचण काय होती

गावात, सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये टेंपरेचरचा काटा शांत. मोटरवेला लागून ताशी ७० मैल धरले की पंधरा मिनिटांत काटा वर सरकायला लागायचा. बहुतेकांना हे उलटं वाटतं, कारण वेगात वारा जास्त मग गाडी थंड राहायला पाहिजे. पण हीच खूण आहे. हळू चालताना पंखा रेडिएटरमधून हवा ओढून घेतो. वेगात मात्र पुढून आलेल्या हवेने स्वतःहून जाळीतून जायला हवं, आणि जाळीतून जाणं तिला जड असतं, शेजारची ६० मिमीची फट सोपी असते. ज्यांनी शेतात दारं धरली आहेत त्यांना वेगळं सांगायला नको, पाटाला मध्येच भगदाड पडलं की शेवटच्या वाफ्यात पाणी पोचत नाही, मग वरून कितीही सोडा.

गाडीवाल्याने हे बरोबर ओळखलं होतं. नोव्हेंबरमध्ये त्याने ३ मिमीच्या एबीएस प्लॅस्टिकच्या शीटमधून चार फळ्या कापल्या, दोन बाजूच्या, एक वर, एक खाली, तोंडापासून रेडिएटरपर्यंत पेटी तयार होईल अशा. पुढची कड नाकाच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनच्या काळ्या अ‍ॅढेसिव्हने चिकटवली, मागची कड रेडिएटरच्या ब्रॅकेटला स्क्रूने आवळली. भरवसा वाटावा म्हणून पुढच्या बाजूला बाहेरून चार पॉप रिव्हेटही मारले. ब्रेकला हवा न्यायला ६३ मिमीचे दोन होज टाकायचे म्हणून खाली दोन भोकंही पाडून ठेवली. चिकटवल्याच्या तिसऱ्या दिवशी गाडी बाहेर काढली.

चार आठवडे ठीक गेले. मग एका रविवारी लेस्टरहून परत येताना एम६९ मोटरवेवर पुढून फडफड ऐकू आली, पाठोपाठ धप्प, आणि काटा बघता बघता लाल पट्ट्याकडे. तो लगेच हार्ड शोल्डरला, म्हणजे कडेच्या थांबायच्या पट्टीवर, थांबला आणि इंजिन बंद केलं, हे त्याने फार चांगलं केलं, घरी पोचू आता म्हणून रेटलं असतं तर हेड गॅस्केट गेली असती. डाव्या बाजूची फळी सुटून रेडिएटरच्या तोंडावर आडवी पडली होती आणि वाऱ्यानेच तिला तिथं दाबून धरलं होतं. अर्धी जाळी बंद.

सुटलेल्या फळीने काय सांगितलं

मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गाडी परत आणल्यानंतरची दुपार. आम्ही काही तोडलं नाही, फेकलं नाही, सुटलेली फळी जशीच्या तशी टेबलावर ठेवली आणि नाक उलटं करून शेजारी ठेवलं. शेजारी एक वयस्कर आजोबा राहतात, त्यांचं आयुष्य फायबरच्या बोटी बनवण्यात गेलेलं. ते आले, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी नाकाच्या आतल्या बाजूवर अंगठ्याचं नख घासलं, आणि नखावर जो मेणासारखा पांढरा भुगा आला तो आमच्यापुढं धरला.

ते मेणच होतं. नाकाच्या आतली बाजू गुळगुळीत दिसावी म्हणून कारखान्यात शेवटी फ्लोकोटचा, म्हणजे पॉलिस्टर रेझिनच्या शेवटच्या थराचा, हात मारलेला असतो, आणि पॉलिस्टर रेझिन हवेला लागलं की वरून चिकट राहतं म्हणून फ्लोकोटमध्ये थोडं मेण घालतात, ते वर येऊन हवा अडवतं. म्हणजे गाडीवाल्याने अ‍ॅढेसिव्ह फायबरला लावलंच नव्हतं, मेणाच्या पापुद्र्याला लावलं होतं. सुटलेली काळी पट्टी एका बाजूने आरशासारखी चकचकीत होती. चिकट पदार्थ स्वतः फाटला तर दोन्ही बाजूंना खरबरीत काळं राहतं, इथं नाकाची बाजू कोरी करकरीत.

दुसरी गोष्ट त्या पट्टीच्या मधोमध बोट लावल्यावर कळली. चार आठवड्यांनंतरही आत ओलसर, चिकट होती. एका नळीतलं पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने वाळतं, बाहेरून आत, चांगल्या उबेत पहिल्या दिवशी साधारण ३ मिमी आणि मग आणखी हळूहळू. ३० मिमी रुंद पट्टी दोन अशा पृष्ठभागांमध्ये दाबली की ज्यांच्यातून ओलावा जात नाही, तर फक्त दोन कडांकडून वाळत यायला लागते, मध्यापर्यंत पोचायला आठवडेच्या आठवडे. त्यात इंग्लंडचा नोव्हेंबर आणि गॅरेजला हीटर नाही.

तिसरं म्हणजे रिव्हेट. चारांपैकी तीन रिव्हेटभोवती जेलकोटला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे. पातळ फायबरवर रिव्हेटची डोकी थेट ओढली की सगळा ताण एका ठिपक्यावर येतो आणि जेलकोट ठिसूळ असतो, तो तडकतो. मागून मोठा वायसर नव्हता.

आता आकडे बघू, कारण आकड्यांनीच आमचं डोकं ठिकाणावर आणलं. ताशी ७० मैल म्हणजे सेकंदाला ३१ मीटर. त्या वेगाला वाऱ्याचा दाब येतो साधारण ५९० पास्कल. बाजूची फळी ३० बाय २० सेंटिमीटर, म्हणजे तिच्यावर पूर्ण दाब आला तरी जोर ३५ न्यूटन, साडेतीन किलोचं वजन. आणि ३० मिमी रुंद, ३० सेंटिमीटर लांब पट्टी अ‍ॅढेसिव्हने नीट धरली असेल तर दर चौरस मिलिमीटरला फक्त १ न्यूटन धरला तरी ९,००० न्यूटन, म्हणजे ९०० किलोच्या आसपास. साडेतीन किलोला ९०० किलोची ताकद आणि तरी सुटलं. तेव्हा यापेक्षा स्ट्राँग काहीतरी आणू हा विचार इथंच संपायला हवा होता.

संपला नाही. गाडीवाल्याने दोन नळ्यांच्या मिथॅक्रिलेट अ‍ॅढेसिव्हची ऑर्डर जवळजवळ टाकलीच होती.

नाक किती हलतं

ऑर्डर थांबली ती वहिनींमुळे. त्या चहा घेऊन आल्या, टेबलावरचं सगळं बघितलं आणि विचारलं, "अरे, पण पुढं चिकटवलंय आणि मागं आवळलंय, मग रोज नाक काढता ते निघतं कसं?" गाडीवाला म्हणाला, मागचे स्क्रू काढतो आणि जरा वाकवून काढतो. मग कोणीच काही बोललं नाही. दर वेळी नाक काढताना तो स्वतःच्या हाताने त्या सांध्याला उचकटत होता, आणि कुठलंही अ‍ॅढेसिव्ह सरळ ओढीला जितकं टिकतं त्याच्या मानाने कडेकडून सोलण्याला फार कमी टिकतं. पोस्टाचं पाकीट उघडताना आपण तेच करतो.

आणि नाक उभ्या गाडीवर निघतं तसं चालत्या गाडीवर हलतंही. किती हलतं ते मोजायला गाडीवाल्याच्या मुलीची प्लॅस्टिसिन घेतली. सुपारीएवढे सहा गोळे करून चासीच्या पाइपवर ठेवले, वर क्लिंग फिल्म म्हणजे नाकाला चिकटणार नाहीत, नाक बसवलं, वीस मैल गाडी फिरवून आणली. उभ्या गाडीत फट ९ मिमी होती, गोळे दाबून ५ मिमीचे झालेले. म्हणजे फायबरचं नाक चासीच्या मानाने ४ मिमी नाचतं. त्यावर उन्हाचा आणि रेडिएटरचा ताप. एबीएस फायबरपेक्षा तिपटीच्या आसपास जास्त फुगतं, ४८० मिमी लांबीत ४० अंशांच्या फरकाला दोघांत जवळजवळ १ मिमीचं अंतर पडतं.

तेव्हा कळलं की एक टोक बॉडीला आणि दुसरं चासीला असा अखंड डक्ट जोडणं म्हणजे हलणाऱ्या दोन गोष्टींना कडक काठीने बांधणं आहे. आज ना उद्या काठी नाहीतर गाठ जाणार.

पर्याय

वहीच्या एका पानावर सगळे लिहिले. पहिला, आहे तोच डक्ट, फक्त पृष्ठभाग नीट घासून आणि जास्त ताकदीचं अ‍ॅढेसिव्ह. सोपा, पण नाक काढायचा प्रश्न तसाच. दुसरा, नट-बोल्ट आणि मागून मोठे वायसर, किंवा मागून चिकटवायच्या चकत्या ज्यांना स्टड म्हणजे बोल्टसारखा दांडा असतो. मजबूत, सुटतंही, पण स्टड सुद्धा चिकटवावेच लागणार आणि ४ मिमीच्या हालचालीने तेच ओढले जाणार. तिसरा, डक्ट आतून फायबरनेच लॅमिनेट करून नाकाचाच भाग करून टाकायचा. हा मला फार आवडला होता, दिसायला सफाईदार. चौथा, सगळा डक्ट चासीवर आणि नाकाला फक्त रबर टेकलेलं. पाचवा, दोन तुकडे, पुढची छोटी कॉलर नाकाला आणि मागची पेटी चासीला, मध्ये फोमचं बीडिंग.

गाडीवाल्याला सहावाही हवा होता, बॉनेटवर दोन "नाका" (NACA) डक्ट कापायचे. ते चाळिशीच्या दशकात अमेरिकेत नाका या संस्थेने विमानांसाठी काढलेलं तोंड, पृष्ठभागात बुडालेलं, बाहेर काही येत नाही, दिसायला देखणं. पण ते थोडी हवा कमी ओढीने आत घ्यायला चांगलं, रेडिएटरसारख्या जड जाळीतून हवा ढकलायला ज्या दाबाची गरज असते तो ते देत नाही, आणि समोर ४८० बाय १७० चं तोंड वाऱ्याला थेट उघडं असताना त्याची गरजच नव्हती. बॉनेट वाचलं.

तिसऱ्या पर्यायाची आम्ही खरी चाचणी केली. आजोबा म्हणाले होते की पॉलिस्टर वाळताना आक्रसतं आणि पातळ कवचावर आतून जाड थर मारला की बाहेरून वण दिसतो. विश्वास बसला नाही म्हणून नाकाच्या खालच्या, न दिसणाऱ्या भागावर घासून दोन थर ४५० ग्रॅमची मॅट, म्हणजे काचेच्या तंतूंची चटई, मारली. पुढच्या शनिवारी ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्या जागी धरलं तर उजेडाची सरळ रेघ बरोबर मॅटच्या कडेला वाकलेली. निळ्या चकचकीत नाकावर समोरच असं वळ उठलेलं बघायला गाडीवाला तयार नव्हता. इपॉक्सीने आक्रसणं कमी झालं असतं, पण मॅटमधला बाइंडर म्हणजे तंतू धरून ठेवणारा डिंक पॉलिस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत नाही, मग विणलेलं कापड आणा, परत सगळं नव्याने. सोडून दिलं.

चौथा आणि पाचवा यात बराच वेळ गेला. चौथ्यात नाकावर काहीच चिकटवायचं नाही, हे फार मोठं सुख. पण तोंडाच्या आतला पृष्ठभाग दोन दिशांनी वळलेला, त्यावर रबर सगळीकडे सारखं टेकणार नाही, कोपऱ्यात फटी राहणार आणि आम्ही परत पाटाच्या भगदाडावर. पाचव्यात कॉलरची मागची कड आपण सपाट, एका पातळीत ठेवू शकतो, मग फोम सपाटाला सपाट टेकतो. म्हणून पाचवा.

त्याच संध्याकाळी ब्रेकच्या होजचाही निकाल लावला. ही गाडी सव्वासहाशे किलोच्या आसपास, आणि ब्रेक ज्या गाडीचे ती हजार किलोच्या जवळ. रस्त्यावर चालवताना ब्रेक कधी मऊ पडले नव्हते, डिस्क निळी झाली नव्हती. मग होज कशाला? स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर चाकाला घासणारी अजून एक वस्तू. भोकं आतून बुजवली.

काम कसं झालं

आधी नमुने. फायबरच्या एका फेकायच्या तुकड्यावर, ज्याला आतून तसाच फ्लोकोट होता, अ‍ॅढेसिव्हच्या तीन पट्ट्या मारल्या. एक आहे त्या पृष्ठभागावर, दुसरी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, तिसरी घासून आणि स्वच्छ फडक्याने अ‍ॅसिटोनचा हात मारून, प्रत्येक पुसण्याला फडक्याची नवी बाजू. तीन आठवडे घरात उबेला ठेवल्या. मग पकडीने टोक धरून ओढलं. पहिली सळकन निघाली, केळीच्या सालीसारखी. दुसरी काही ठिकाणी धरलेली, काही ठिकाणी साफ. तिसरी निघेना, ताणली, पांढरट झाली आणि शेवटी मधूनच फाटली, काळं फायबरवर तसंच. त्या दिवशी गाडीवाल्याच्या चेहऱ्यावर जे समाधान बघितलं ते गाडी पहिल्यांदा चालू झाली तेव्हाच्या फोटोतही नाही.

कॉलर फायबरची केली, फोमच्या साच्यावर, ७० मिमी खोल, नाकाला चिकटणारी फ्लँज ३० मिमी. नाकाच्या आतला फ्लोकोट तेवढ्या पट्ट्यात घासून काढला, चकाकी पूर्ण जाऊन काचेचे तंतू जेमतेम दिसेपर्यंत, त्यापुढं नाही. मास्क, गॉगल आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट याशिवाय हे काम करू नका, काचेची भुकटी कातडीत रुतली की दोन दिवस खाजत राहते आणि फुप्फुसात गेली तर त्याहून वाईट. अ‍ॅढेसिव्ह या वेळी सपाट फासलं नाही, त्रिकोणी दोन बारीक वळ्या सोडल्या, मध्ये हवेला वाट. २ मिमी जाडीचे रबराचे तुकडे अधूनमधून ठेवले म्हणजे दाबताना सगळं बाहेर पिळून निघणार नाही, कारण हालचाल झेलायला त्या जाडीची गरज असते. घट्ट आवळलं नाही, मास्किंग टेपने नुसतं धरून ठेवलं. नाक घरात आणलं, हॉलमध्ये, दोन आठवडे. वहिनींनी ते दोन आठवडे सहन केले याबद्दल त्यांचे मनापासून आभार.

मागची पेटी १.२ मिमी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची. आधी पुठ्ठ्याचा साचा, तो चार वेळा कापला तेव्हा कुठं स्टिअरिंग रॅकपासून मोकळा झाला. पेटी रेडिएटरला लावली नाही, चासीला लावली, एम६ च्या चार रबरी बॉबिनवर, म्हणजे स्क्रू असलेल्या रबराच्या ठोकळ्यांवर. याची दोन कारणं, एक म्हणजे रेडिएटरच्या जाळीवर आणि टाक्यांवर कंपनांचा भार नको, दुसरं म्हणजे तिकडं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि लोखंडाला अ‍ॅल्युमिनियम थेट टेकलं की मिठाच्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. पेटी आणि रेडिएटरच्या कडांमध्ये १० मिमीची फोमची पट्टी. कॉलर आणि पेटीमध्ये डी आकाराचं ईपीडीएम रबराचं पोकळ बीडिंग, १२ मिमीचं, नाक बसल्यावर ७ पर्यंत दबेल असं. म्हणजे नाक एका बाजूला ४ मिमी सरकलं तरी फट पडत नाही. पेटीच्या तळाला ८ मिमीची दोन भोकं, पावसाचं पाणी आणि पानं साचतात म्हणून.

तोंडाच्या बाहेरच्या कडेला काही पुढं येऊ दिलं नाही. आयव्हीएमध्ये बाहेरून हाताला लागू शकणाऱ्या कडांना किमान २.५ मिमीची गोलाई लागते, आणि तपासणी आधीच झालेली असली तरी पायी चालणाऱ्या माणसाला लागायचं ते लागतंच. जेलकोटचे तडे व्ही आकारात खरवडून भरले. दोन अजून तिरक्या उन्हात दिसतात.

परिणाम

मोजायला गवंड्याची लेव्हलची नळी वापरली, म्हणजे तसलीच पारदर्शक नळी, यू आकारात फळीवर, रंगीत पाणी घालून. एक टोक रेडिएटरच्या पुढं, एक मागं. दोन्हीकडच्या पाण्याच्या उंचीतला फरक म्हणजे जाळीतून हवा ढकलणारा दाब. ६० मैलांना वाऱ्याचा पूर्ण दाब पाण्याच्या ४४ मिमीएवढा असतो, पुढच्या बाजूला त्यापेक्षा जास्त मिळूच शकत नाही. डक्ट काढून ११ मिमी मिळाले, नवा डक्ट लावून २६. शेजारच्या सीटवर मी फळी धरून बसलेलो आणि पाणी चढताना बघत होतो. मोटरवेवर काटा आता गावात असतो तिथंच राहतो, पंखा लागत नाही.

नाक एका मिनिटात निघतं, काही उचकटावं लागत नाही. एक हिवाळा गेल्यावर बघितलं तर कॉलर जागची हललेली नाही, पण बीडिंग वरच्या डाव्या कोपऱ्यात दबून बसलंय, तिथं नख जाईल एवढी फट दिसते.

परत करायचं झालं तर

पहिलं म्हणजे पाण्याची नळी आधी लावली असती. आम्ही ती शेवटी लावली, डक्ट झाल्यावर, आणि आधीचा आकडा मिळवायला सगळं परत काढावं लागलं. २० पाउंडांच्या आतलं काम, आणि हवा गळतेय की रेडिएटरच छोटा आहे हे अर्ध्या दुपारीत कळतं.

दुसरं, मागचा रस्ता. आत येणाऱ्या हवेवर आम्ही एवढे दिवस घालवले आणि बाहेर जाणाऱ्या गरम हवेकडे बघितलंच नाही. या गाड्यांत ती इंजिनच्या खोलीत जाते आणि मिळेल तिथून बाहेर. २६ चे आणखी वर न्यायचे असतील तर पुढं काही करून उपयोग नाही, बॉनेटच्या बाजूला झडपा कापून हवेला बाहेर वाट द्यावी लागेल. गाडीवाला अजून कापायला धजत नाहीये, त्याचंही बरोबर आहे.

पेटीचे कोपरे आम्ही काटकोनात ठेवले, पत्रा वाकवायला सोपा म्हणून. गोल केले असते तर बीडिंग कोपऱ्यात दुमडलं नसतं आणि ती फट पडली नसती. हे मला तेव्हाच खटकलं होतं आणि मी बोललो नाही, बोलायला पाहिजे होतं.

आपल्याकडे घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणणं वेगळीच गोष्ट आहे, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ तर कंपनीच्या गाडीतसुद्धा मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करू देत नाही. पण पुण्या-मुंबईच्या कॉलेजांतली पोरं फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेसाठी कोईमतूरच्या कारी ट्रॅकवर जी गाडी नेतात तिच्यावरही साइडपॉड म्हणजे बाजूचं कवच फायबरचंच असतं, आत रेडिएटर असतो आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री काळी नळी घेऊन कोणीतरी डक्ट चिकटवत असतं. त्या पोरांना माझं एवढंच मागणं आहे की नळी उघडायच्या आधी आतल्या बाजूवर नख घासून बघा, आणि साइडपॉड काढताना डक्टचं काय होतं ते आधी एकदा करून बघा. मेच्या उन्हात दुपारी काळ्या साइडपॉडच्या आत फिरलेला हात तुम्हाला माहीत आहे, प्लॅस्टिक किती फुगेल ते त्या हिशोबाने धरा. थ्री-डी प्रिंट केलेला पीएलएचा डक्ट तिथं बसवू नका, ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं.

नवीन बीडिंग आणलंय, या वेळी कोपऱ्यात तुकडा जोडून न घेता एकसंध वळवता येईल असं मऊ. पुढच्या शनिवारी बसवतोय.